जांभळ्या धानाचा धनी

मोहटोल्यात मुखरू निकुऱ्याइतका शंकेखोर माणूस दुसरा झाला नाही. लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटलं तेव्हा बोहल्यावरच्या मुखरूने दचकून मागे वळून पाहिलं होतं, म्हणे. आता असं सांगणारे सगळेच खरं बोलतात असं नाही, पण त्याची बायको कमळा ते नाकारत नाही, एवढं खरं. बैल विकत घेतला, तर दावं हातात धरून दोन कोस आल्यावर हा गडी परत फिरायचा आणि विकणाऱ्याला विचारायचा, "भाऊ, हा बैल मले इकला ना जी तुमी? का नुसता पाहाले देल्ला?" विकणारा कपाळाला हात लावायचा. बैल वाटेतच बसकण मारायचा. आणि मुखरूचं समाधान काही व्हायचं नाही.

अशा माणसाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सरकारने आपला धान लावावा, हे सरकारचं दुर्दैव की मुखरूचं, यावर आमच्याकडे अजून दोन मतं आहेत.

गोष्ट छप्पन सालची. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला. तालुक्याच्या गावाबाहेर सरकारचा धानाचा फार्म होता. तिथे चौबेसाहेब म्हणून एक अधिकारी होते. डोक्यावर टोप, पायात गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोंडात मराठी-हिंदी एकाच हंडीत शिजवलेली. धानाची लग्नं लावणं हे त्यांचं काम. एका धानाचा फुलोरा दुसऱ्याला लावायचा, त्यांची पोरं निवडायची, त्यातून पुन्हा निवडायची. अशात त्यांची स्वतःच्या लग्नाची वेळ टळून गेली, असं फार्मवरचे गडी सांगत.

या साहेबांना एक खूळ होतं, करग्याचं. करगा म्हणजे रानटी धान. पान तसंच, देठ तसाच. निंदायला बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनाही फुलोरा येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि ओळखू येतो तोवर हा दाणे झाडून मोकळा. पुढच्या वर्षी दुप्पट. साहेबांनी काय केलं, कुठूनसा जांभळ्या पानांचा धान आणला आणि त्याचं लग्न आपल्या इकडच्या बारीक धानाशी लावलं. बऱ्याच वर्षांनी वाण तयार झाला: दाणा बारीक, वास गोड, आणि पऱ्ह्यांपासूनच, म्हणजे लावणीआधीच्या कोवळ्या रोपांपासूनच, पान जांभळं. बांधीत जे हिरवं दिसेल ते उपटायचं, की करगा संपला. खात्याने त्याला नाव दिलं नव्हतं, नुसता नंबर दिला होता. पुढे गावाने त्याला नंबरी म्हणायला सुरुवात केली.

आता हा बारीक धान कुठला? तर मुखरूच्याच बांधीतला. बऱ्याच वर्षांपूर्वी साहेब त्याच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून चालले होते, लोंब आवडली, चार लोंबी खुडून खिशात घातल्या आणि गेले. तो धान कमळाने माहेरून, वैरागडाकडून, ओटीत आणलेला. म्हणून साहेबांनी पहिली परीक्षा मुखरूच्या बांधीत घ्यायची ठरवली. उन्हाळ्यात एक पोतं घेऊन ते स्वतः आले आणि ओट्यावर बसून अटी सांगू लागले.

"मुखरू, ध्यान से सुनो. हा वाण अजून बाहेर द्यायचा नाही. एक दाना कोणत्या माणसाला द्यायचा नाही, विकायचा नाही, खायचा नाही. पीक आलं की पूरा माल खातं नेणार. बदल्यात तुला उतनाच दुसरा धान. ये सरकार का धान है."

"हो जी. आन् बांधी?"

"बांधी तुम्हारी."

"आन् पानी?"

"पानी आसमान का."

"मंग उंदरानं खाल्लं तं कोनाचं खाल्लं जी?"

साहेबांनी टोप काढून वारा घेतला. आतून कमळा म्हणाली, "सायब, धान तं आमच्याच घरचा होता ना?"

"आधा तुमचा, बाई. आधा दुसरा. दोन्हींचा मिळून हा तिसरा झाला. त्याला सरकारने बनवला."

मुखरूने पोत्याकडे पाहिलं. "कोन्ता आधा आमचा जी? वरचा का खालचा?"

साहेब उठून गेले. जाताना मात्र पोत्यावरून असा हात फिरवून गेले, की जणू लेक सासरी ठेवून निघाले.

संध्याकाळी मुखरू शफीच्या दुकानात. शफीकडे तंबाखू, सायकलचं पंक्चर आणि कायदा या तीन गोष्टी मिळत. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे पडत, कायदा फुकट होता. "मुखरूभाऊ," शफी रबर घासत म्हणाला, "सरकारी माल घरात ठेवून राह्यले, जपून. जंगलातलं सरकारी लाकूड नेलं तं काय होते? बेड्या. पोस्टाची पेटी फोडली तं? बेड्या. धान बी सरकारचा. एक मूठ इकडची तिकडं झाली का..." आणि त्याने दोन्ही मनगटं जुळवून दाखवली.

त्या दिवसापासून मुखरू आपली मनगटं चोळत हिंडू लागला.

पुढे आली अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया. अक्तीला आमच्या गावात एक रीत आहे. ज्या घराला जे बी पेरायचं, त्यातली एक मूठ गावदेवी मातामायच्या पारापाशी टोपल्यात टाकायची. सगळ्या गावाचं बी एकत्र कालवलं जातं, गावचा पुजारी भुमक त्यावर पाणी शिंपडतो, आणि मग प्रत्येक घर त्या टोपल्यातून मूठभर परत नेतं. ती मूठ आधी आपल्या पऱ्ह्यात पडली पाहिजे, मग बाकीचं बी. ज्याने मूठ टाकली नाही त्याच्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, कोणी येत नाही. भांडण नाही, बोलाचाली नाही. फक्त सकाळी चिखल तयार असतो आणि बांधीत बाई नसते.

मुखरूची पंचाईत समजली ना? मूठ टाकावी तर बेड्या, न टाकावी तर रोवणा नाही.

"जुनं बी टाकतो ना एक मूठ," त्याने कमळाला हळूच सुचवलं.

"जे पेराचं तेच टाकाचं असते. मातेसंग लबाडी करता?"

"सरकारनं मना केलं व."

"सरकार रोवाले येईन का, साडी खोचून?"

मुखरू पारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्याला एकदम मार्ग सुचला. साहेब काय म्हणाले होते? कोणत्या माणसाला द्यायचा नाही. मातामाय माणूस आहे काय? नाही. मग देवीला दिलं म्हणजे कोणालाच दिलं नाही! आयुष्यात पहिल्यांदा एका शंकेचं उत्तर स्वतःचं स्वतः सापडलं, म्हणून तो इतका खूश झाला की एक मूठ टाकायची तिथे त्याने दोन टाकल्या. परत मिळालेली प्रसादाची मूठ घेऊन घरी आला आणि पऱ्हे टाकायच्या दिवशी, हात जोडून, रीतीप्रमाणे, सरकारच्या त्या शुद्ध निवडक धानाच्या जागेवर सगळ्यात आधी तीच मूठ फेकली. अख्ख्या गावाचं बी.

पाणी पडलं, पऱ्हे उगवले, आणि गावाच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय. मुखरूच्या पऱ्ह्यात जांभळ्यामध्ये हिरवे ठिपके. बाकी सगळ्या गावाच्या पऱ्ह्यात हिरव्यामध्ये जांभळे ठिपके. दुसरं कुठलंही बी कोणाचं कुठे गेलं हे माणसाला कधी कळत नाही. हे बी असं, की लांबून हाक मारून सांगत होतं, मी इथे आहे म्हणून.

रोवणा झाला, निंदणाची वेळ आली. मुखरू धुऱ्यावर उभा राहून बायकांना म्हणाला, "बायांनो, सायबानं सांगतलं, हिरवं दिसन ते उपटा."

इंदुताई म्हणजे निंदणाऱ्यांची पुढारीण. ती कंबर सरळ करून उभी राहिली. "मुखरूभाऊ, हे हिरवं तं मातेच्या मुठीतलं आहे. परसाद उपटाचा?"

"काही करगा असन ना त्यात."

"मंग दाखवा कोन्ता करगा आन् कोन्ता परसाद."

मुखरू वाकला, एक रोप पाहिलं, दुसरं पाहिलं. दोन्ही हिरवी. उभा राहिला. बायका हसू दाबत होत्या. हिरव्याला कोणी हात लावला नाही. तिकडे दुसऱ्यांच्या बांधीत जांभळ्यालाही कोणी हात लावला नाही. मातेने यंदा नवा रंग पाठवला, असं मानून तिथल्या बायका जांभळं रोप वाचवून भोवतीचं गवत काढत होत्या. लोंबी बाहेर पडल्या त्या अशा गच्च भरल्या की दादाजी गुरनुल्यासारखा कंजूष माणूसही जांभळ्या लोंबी वेगळ्या कापून बियाण्यासाठी दारावर टांगायचं बोलू लागला.

मुखरूची झोप गेली होती. ऑक्टोबरात चौबेसाहेब आले. गावाच्या शिवारातूनच यावं लागतं, त्यामुळे मुखरूच्या बांधीपर्यंत पोचण्याआधीच त्यांनी सगळं पाहिलं होतं. कोणी गावभर जांभळं सांडत गेल्यासारखा त्यांचा धान इकडे तिकडे उभा. आणि मुखरूच्या बांधीत, जिथे तो एकटा असायला हवा, तिथे उंच, बुटका, लाल कुसळाचा, काळ्या टरफलाचा, सगळा मोहटोला दाटीवाटीने नांदत होता.

साहेब धुऱ्यावर मटकन बसले. "ये क्या किया रे?"

मुखरूने खरं ते सगळं सांगितलं, टोपल्यासकट. सांगताना दोन्ही हात पाठीमागे धरून होता.

"चोरी है ये! सरकार की चोरी!"

"हो जी. पन चोरी तिकडं गेल्याची का इकडं आल्याची?"

"दोन्ही!"

कमळा पाण्याचा लोटा घेऊन आली होती. ती म्हणाली, "सायब, आमच्या चार लोंबी नेल्या तवा पंचनामा नाई केला तुमी."

साहेबांनी लोटा तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला. लोंबींचं ते विसरलेच होते, असं तोंडावरून दिसलं. पण राग ओसरायला वेळ लागतो. उठून त्यांनी बजावलं, "पंद्रह दिन में येतो. पोलीस पाटलाला घेऊन पंचनामा होईल. कापणी झाली तरी एक दाना हलवायचा नाही." आणि गेले. जाताना वाटेत दादाजीच्या बांधीत एक जांभळं रोप वाऱ्याने आडवं झालं होतं, ते त्यांनी वाकून सरळ केलं. हे दादाजीने पाहिलं आणि त्याचाही गोंधळ उडाला.

कापणी उरकून मुखरूने बेड्यांची तयारी केली. धोतर धुतलं, बैलांचं साळ्याला सांगून ठेवलं, कमळाला कणगीसारख्या ढोलीतला धान दाखवून म्हणाला, "हे हालवू नको." पंधरा दिवस गेले. पण साहेब आले नाहीत. त्यांच्याऐवजी राज्य बदललं. एक नोव्हेंबरला नागपूर राजधानी उरली नाही, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि चौबेसाहेबांची बदली रायपूरला झाली. शफीने ही बातमी दुकानात वाचून दाखवली. मुखरूने विचारलं, "मंग माही चोरी कोन्त्या राज्यात झाली गा?"

शफीने पेपर उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा रबर घासायला घेतलं.

हिवाळ्यात नवे साहेब आले, पुण्याकडचे, इनामदार नावाचे. पांढरी स्वच्छ विजार, बोलणं मऊ. मुखरू स्वतःहून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, कारण वाट पाहणं त्याला बेड्यांपेक्षा जड जात होतं. सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "सरकारचा धान ढोलीत आहे जी. घेऊन जा. मले सोडवा."

इनामदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं. "हे पाहा, हा वाण आमच्या राज्याने काढलेला नाही. त्यामुळे आम्ही तो आमचा म्हणून कसा घेणार?"

"मंग तिकडच्या सरकारले नेऊन देऊ काय?"

"छे छे! तसं करू नका. धान पिकलाय इथे. फार्म इथला, पैसा इथल्या लोकांचा. वरून विचारणा होईपर्यंत राज्याबाहेर जाता कामा नये."

"म्हंजे तुमचा नाई, पन त्याइचाबी नाई?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"मंग खाऊ काय?"

"असंही मी म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मोठी गंमत अशी, की बाकी गावाला कसलाच प्रश्न पडलेला नव्हता. ज्याच्या बांधीत जांभळ्या लोंबी आल्या, त्याने त्या खुंटीला टांगल्या आणि पुढच्या वर्षीची जागा मनात ठरवूनही टाकली. अडकला तो एकटा मुखरू. घरात धानाने भरलेली ढोली, आणि हा उसना धान आणून भात खातोय. कमळा चिडायची. शेजारीपाजारी येता-जाता विचारायचे, "काऊन मुखरूभाऊ, सरकारचा पाहुना जेवला का?" मुखरू ढोलीच्या बाजूला खाट टाकून दिवसाढवळ्या पडून राहायचा, कारण उंदराचा प्रश्नही अजून सुटलेला नव्हता.

चैत्रात एका दुपारी एक माणूस दारात आला. डोक्याला पंचा गुंडाळलेला, पायात साध्या वहाणा. मुखरूने ओळखलंच नाही. टोप नव्हता ना!

"मुखरू," तो म्हणाला, "जरा अंदर येऊ का?"

चौबेसाहेब होते. गोंदियावरून छोट्या आगगाडीने आले होते, रजा काढून. मुखरू ताडकन उठला आणि सवयीने दोन्ही मनगटं पुढे केली.

"अरे, ठेव ते," साहेब खाली बघत म्हणाले. खाटेवर बसले. मग सांगू लागले. बदलीच्या गडबडीत बी इथल्या फार्मवरच राहिलं. रायपूरहून मागणी केली, तर इकडून उत्तर गेलं की निर्णय होईपर्यंत दुसऱ्या राज्याला बी देता येत नाही. फार्मवर स्वतः जाऊन उभे राहिले, तर चौकीदाराने, ज्याला यांनीच कामाला लावलं होतं, सलाम केला आणि फाटक उघडलं नाही. "मेरा बनाया हुआ धान, मुखरू. और मुझेच मिलत नाही. म्हणतात, दुसऱ्या सरकारची मालमत्ता आहे."

कमळा चुलीपाशी थांबली होती.  मुखरूच्या डोक्यात एकाच वेळी इतक्या शंका आल्या होत्या, की कुठली आधी विचारावी ते कळेना.

"म्हंजे सायब... आता तुमी चोरी कराले आले काय?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मूठभर दे. निवडून घेतो. बस."

"मी देल्लं तं मी चोर का तुमी?"

"मला नाही माहीत रे."

"तुमाले बी नाई माईत?"

"नाही."

मुखरूने कमळाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते कमळालाच ठाऊक; पण त्याने जाऊन ढोलीचं तोंड उघडलं. गेले कित्येक महिने त्याला वाटत होतं की उत्तर कुठेतरी आहे, फक्त त्यालाच कोणी सांगत नाही; आज कळलं, ते साहेबांजवळही नाही.

मग दुपार उतरेपर्यंत तिघं ओट्याआड सूप घेऊन बसले. टरफलाच्या शेंड्याला जांभळा ठिपका तो साहेबांचा, बाकी मोहटोल्याचा. ठिपके शोधण्यात कमळाचे हात साहेबांपेक्षा जलद चालत होते, आणि साहेब प्रत्येक दाण्याशी काहीतरी पुटपुटत असल्यामुळे मागे पडत होते. शेवटी चांगलं मोठं गठोडं झालं. कमळाने त्यावर आणखी दोन मुठी टाकल्या आणि म्हणाली, "येतानी रिकाम्या हातानं नका येत जाऊ सायब, चार दाने आमाले बी आनत जा."

स्टेशनच्या वाटेवर जंगल खात्याचा नाका लागतो. तिथे नाकेदार कय्यूम प्रत्येक गाडी अडवून लाकूड, डिंक, मोहफूल शोधतो. मुखरूच्या बैलगाडीत गठोडं पाहून तो उठला. "गठोडं कोनाचं?"

साधा प्रश्न. रोज शंभर जणांना विचारतो, शंभर जण उत्तर देतात. मुखरूने साहेबांकडे बोट केलं. त्याच क्षणी साहेबांनी मुखरूकडे. दोघांनीही आपापली बोटं खाली घेतली आणि उलट दिशेने वर केली, म्हणजे स्वतःच्या छातीकडे. मग दोन्ही बोटं हवेत राहिली.

कय्यूमला वाटलं, नक्की चंदन. त्याने गाठ सोडली, हात घातला, धान निघाला. नाकाशी नेऊन हुंगला. "अरे व्वा, काय वास आहे! ह्याच्यापायी भिऊन राह्यले काय?" आणि ओंजळभर काढून त्याने आपल्या रुमालात बांधला. "नाक्यामागं थोडी बांधी आहे मेरी. टाकून पाहतो."

साहेबांनी हात पुढे केला, थांबवायला. मग तोच हात कपाळावरून फिरवला आणि म्हणाले, "पऱ्हे अलग टाका. पान जांभळं येईल. हिरवं जे दिसेल ते..." इथे त्यांनी मुखरूकडे पाहिलं. "ते तुम देख लेना."

छोटी गाडी आली, साहेब गठोडं पोटाशी धरून चढले. परत येताना कय्यूमने नाक्यावर मुखरूला पुन्हा अडवलं.

"मुखरूभाऊ, पिकला तं लोक इचारतीन ना. हा कोनाचा धान म्हनून सांगू?"

मुखरूने बैल उभे केले. विचार केला. पुन्हा केला. कय्यूमची विडी विझली.

"थांब गा," तो म्हणाला, "सायबाले इचारून येतो," आणि त्याने गाडी स्टेशनाकडे वळवली. तोवर आगगाडीचा धूर जंगलापार गेला होता.